लहान दुकानदार आणि ऑनलाइन विक्री

घरबसल्या माल मागविण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. टपाल खात्याने १८७७ साली ‘व्हॅल्यू पेयेबल’, म्हणजेच सर्वांच्या परिचयाची व्ही. पी. पद्धत सुरू केली. पुण्या-मुंबईच्या पेढ्यांनी नियतकालिकांतून जाहिरात द्यावी, खेड्यातील गिऱ्हाइकाने एक पोस्टकार्ड टाकावे आणि काही दिवसांनी पोस्टमनने पार्सल दारात आणून पैसे घ्यावेत, अशी ती व्यवस्था होती. पुस्तके, औषधे, घड्याळे असा कितीतरी माल या मार्गाने खेडोपाडी गेला. माल आल्याखेरीज पैसे द्यावयाचे नाहीत ही गिऱ्हाइकाची अट आणि पैसे मिळाल्याखेरीज माल सोडावयाचा नाही ही विक्रेत्याची अट, या दोहोंचा मेळ टपाल खात्याने घातला होता. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. ही योजना आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी कवी होते. आज देशातील अत्याधुनिक ऑनलाइन कंपन्यांचेही काम त्यांच्या या सहा आकड्यांवाचून चालत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मात्र व्ही. पी.च्या त्या व्यवहारात तालुक्याच्या गावचा लहान दुकानदार क्वचितच विक्रेता असे. जाहिरातीचा खर्च त्याला झेपणारा नव्हता आणि शंभर कोसांवरच्या गिऱ्हाइकाला त्याचे नाव ठाऊक होण्याचे दुसरे साधनही नव्हते. त्याची बाजारपेठ म्हणजे त्याची गल्ली, त्याचे गाव आणि आठवड्याच्या बाजाराला येणारी भोवतालची खेडी. ही मर्यादा आता उरलेली नाही. तथापि जी वाट या दुकानदाराला बाहेर नेते, तीच वाट बाहेरच्या विक्रेत्याला त्याच्या गल्लीत आणते. म्हणून ऑनलाइन विक्रीचा विचार हा हौसेचा किंवा केवळ नव्या पिढीचा विषय राहिलेला नाही.

पैशाचा प्रश्न आधी सुटला

दूरच्या विक्रीतील सर्वांत अवघड भाग पैसे वसूल करण्याचा असतो. राष्ट्रीय भुगतान निगमने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही प्रणाली आणली आणि हा भाग पुष्कळसा सोपा झाला. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये या प्रणालीवरून १८,५०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे स्वीकारणाऱ्या दुकानदाराकडून बँकांनी शुल्क घेऊ नये असा नियम झाल्यामुळे पानपट्टीवर आणि भाजीच्या गाडीवरही चौकटीचे चित्र असलेला तो कागद दिसू लागला. ज्या दुकानदाराने हा कागद भिंतीवर लावला, त्याने ऑनलाइन व्यवहारातील निम्मी वाट नकळत चालून टाकली आहे. उरलेली निम्मी वाट माल दाखविण्याची, पोहोचविण्याची आणि तक्रार निस्तरण्याची आहे. आणि खरी अडचण तेथेच येते.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा याची चुणूक सर्वांनाच मिळाली. ज्या किराणा दुकानदारांपाशी नेहमीच्या गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक होते, त्यांनी व्हॉट्सॲपवर यादी मागवून घरोघर माल पोहोचविला. ज्यांच्यापाशी केवळ चेहऱ्यांची ओळख होती, त्यांना शटर उघडण्याची वाट पाहत बसावे लागले. पुढे टाळेबंदी उठली, पण गिऱ्हाइकाची घरी माल मागविण्याची सवय मात्र राहिली. मुंबई-पुण्यात आता काही मिनिटांत माल देणाऱ्या कंपन्यांनी वस्त्यावस्त्यांतून आपली कोठारे उघडली आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणीही हे लोण पोहोचू लागले आहे. वाण्याचे दुकान यामुळे नाहीसे होईल असे भाकीत अधूनमधून केले जाते. ते अतिरंजित वाटते. उधारीची वही सांभाळणे, पाच रुपयांचे जिरे बांधून देणे आणि ओळखीवर दळणाचे गहू निवडून ठेवणे या गोष्टी कोठारातून होत नाहीत. परंतु महिन्याच्या यादीतील साबण, तेल, चहा यांसारखा ज्यात नगामागे नफा थोडा पण खप मोठा असा माल वाण्याच्या हातून निसटतो आहे, हेही नाकारता येणार नाही.

कोल्हापुरी चपलेचा धडा

ऑनलाइन विक्रीने कोणाला काय मिळते हे समजून घेण्यासाठी कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साहाय्याने कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण आणि कापशी, पुकारी, कचकडी, बक्कलनाळी असे नाना घाट ही या चपलेची ओळख. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांच्या नावे तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील एका नामांकित कंपनीने मिलान येथील आपल्या सादरीकरणात तशाच घाटाची पादत्राणे मांडली; मूळ कारागिरांचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून त्याविरुद्ध आवाज उठल्यावर कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. ही घटना वर्तमानपत्रांतून पुष्कळ गाजली. तिच्यातला व्यापारी बोध मात्र फारसा कोणी पाहिला नाही. त्या आठवड्यांत ‘कोल्हापुरी’ हा शब्द देशोदेशीच्या लोकांनी भ्रमणध्वनीवर शोधला असेल, तेव्हा त्यांना काय दिसले? ज्याचे छायाचित्र, किंमत आणि पत्ता तेथे उपलब्ध होता, तोच विक्रेता दिसला. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बसलेला, पण त्या पडद्यावर नसलेला दुकानदार त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

यातली दुसरी बाजूही आहे. छायाचित्रात खरी कोल्हापुरी आणि यंत्रावर कापलेली नकली चप्पल यांत भेद दिसत नाही. गिऱ्हाइकाने चप्पल हातात घेऊन वाकवून पाहिली, म्हणजे कातडे बोलते; पडद्यावर ते मुके असते. अशा ठिकाणी किंमत हाच एकमेव निकष उरतो आणि स्वस्त नक्कल अस्सल मालाला मागे सारते. त्यासाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने अस्सल चपलांना क्यूआर सांकेतिक चिन्ह देण्याची योजना हाती घेतली आहे. ते चिन्ह टिपले असता कारागीर आणि उत्पादनस्थळ यांची माहिती मिळते. देवगड हापूसच्या बाबतीतही फळागणिक सांकेतिक क्रमांकाचे मोहोरबंद चिकटपत्र लावण्याचा असाच उपक्रम आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात केला. ऑनलाइन बाजारपेठेत मालाबरोबर मालाचा दाखलाही विकावा लागतो, असे म्हणावयास हरकत नाही.

हिशेब आधी, उत्साह मागून

या विषयावरील व्याख्यानांतून ‘जग ही तुमची बाजारपेठ’ अशी वाक्ये दुकानदाराला ऐकविली जातात. त्याला प्रथम हवा असतो तो हिशेब, आणि तो कोणी मांडून दाखवीत नाही. समजा, एका दुकानदाराला ८०० रुपयांस पडलेला चपलेचा जोड तो १,२०० रुपयांस विकतो. दुकानात विकल्यास ४०० रुपये सुटतात. त्यातून भाडे, वीज, नोकराचा पगार निघतो. हाच जोड ऑनलाइन बाजारपेठ चालविणाऱ्या एखाद्या कंपनीमार्फत विकला आणि तिचे कमिशन शेकडा १५, वाहतूक ९० रुपये आणि खोका-कागद २५ रुपये धरले, तर २९५ रुपये तेथेच जातात आणि हाती १०५ रुपये राहतात. करांचा भाग येथे बाजूला ठेवला आहे.

इतक्यावर भागले तरी ठीक. परंतु दहा जोडांपैकी दोन जोड ‘मापात बसत नाहीत’ म्हणून परत आले आणि येण्याजाण्याचे भाडे दुकानदारावर पडले, तर प्रत्येक परतीमागे २०५ रुपये खर्ची पडतात. विकल्या गेलेल्या आठ जोडांचे ८४० रुपये आणि परतीचे ४१० रुपये वजा जाता उरतात ४३० रुपये. म्हणजे जोडामागे जेमतेम ५४. आणि परत आलेल्या दोहोंपैकी एक जोड मळलेला, विकण्यास निरुपयोगी निघाला, तर ४३० रुपयांचा नफा जाऊन ३७० रुपयांची खोट येते. अनेक दुकानदार सहा महिन्यांत कंटाळून ‘ऑनलाइनमध्ये काही राम नाही’ असे म्हणतात, त्याचे मूळ बहुधा या परतीच्या आकड्यात असते.

हाच हिशेब उलट बाजूनेही वाचता येतो. परतीचे प्रमाण दहांत दोनवरून एकावर आणले, तर तेच ४३० रुपये ७४० होतात. त्यासाठी जादा विक्री करावी लागत नाही. हातशिवणीच्या चपलेचे माप कारखान्याच्या बुटाच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून केवळ ‘८ नंबर’ असे न लिहिता तळव्याची लांबी व रुंदी सेंटिमीटरमध्ये द्यावी, कोऱ्या कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ कशी ओढावी हे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहावे, नवे कातडे पहिले काही दिवस घट्ट लागते आणि मग सैल पडते हे आधीच सांगून टाकावे. दुकानात जे दुकानदार तोंडाने सांगतो, तेच येथे लिहून ठेवावयाचे आहे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात, चारही बाजूंनी आणि तळासकट काढावे. रंग खुलवून दाखविण्याचा मोह धरल्यास त्याची किंमत परतीच्या भाड्यात मोजावी लागते.

शिवाय सर्वच विक्री कंपनीमार्फत करावी असे नाही. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला नागपूरचा किंवा इंदूरचा यात्रेकरू कोल्हापुरात एक जोड घेतो आणि जातो. त्याच्या संमतीने त्याच्या पावलाचे माप, नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक एका वहीत नोंदवून ठेवला, तर दोन वर्षांनी चप्पल झिजल्यावर तो पुन्हा कोल्हापूरला येण्याची वाट पाहावी लागत नाही. व्हॉट्सॲपवर नव्या घाटांची छायाचित्रे पाठवावीत, त्याने पसंत करावी, यूपीआयने पैसे द्यावेत आणि स्पीड पोस्टाने पार्सल जावे. या व्यवहारात कमिशन नाही. टपालखर्च गिऱ्हाइकाने दिला तर खोक्याचे २५ रुपये वजा जाता जोडामागे ३७५ रुपये राहतात. माप आधीचेच असल्याने परतीचा प्रश्नही बहुतांशी मिटतो. कंपनीचे संकेतस्थळ अनोळखी माणसाशी पहिली ओळख होण्यासाठी आणि आपली वही ओळखीच्या माणसासाठी, अशी विभागणी लहान दुकानदाराला अधिक मानवणारी आहे. (कंपनीमार्फत आलेल्या गिऱ्हाइकाला परस्पर आपल्याकडे वळविणे मात्र बहुतेक कंपन्यांच्या करारात निषिद्ध असते, ती सही करण्यापूर्वी करार वाचावा.)

खुल्या जाळ्याचा प्रयोग

दोन-चार मोठ्या कंपन्यांच्या हाती सर्व विक्री गेल्यास दुकानदार त्यांचा मिंधा होईल, ही भीती निराधार नाही. कोणाचा माल वर दाखवावयाचा, कमिशन किती घ्यावयाचे, परतीचा नियम काय, हे सर्व कंपनी ठरविते. परकीय भांडवलाच्या कंपन्यांनी स्वतः मालाचा साठा करून तो थेट गिऱ्हाइकाला विकू नये, केवळ विक्रेते आणि ग्राहक यांच्यातील दुवा म्हणून काम करावे, असे केंद्र शासनाचे धोरण २०१६ पासून आहे आणि फेब्रुवारी २०१९ पासून ते अधिक कडक करण्यात आले. तरीही वादांना विराम मिळालेला नाही.

यावर एक उपाय म्हणून केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये ओएनडीसी ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. तिच्या कामाची कल्पना दूरध्वनीच्या उदाहरणाने येऊ शकेल. एका कंपनीचा दूरध्वनी वापरणारा मनुष्य दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलू शकतो. त्याचप्रमाणे दुकानदाराने एका ॲपवर आपला माल नोंदविला की दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दिसावा आणि माल पोहोचविणारी संस्था तिसरीच असावी, अशी ही रचना आहे. एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत तिची चाचणी सुरू झाली. आरंभी ग्राहकांना दिलेल्या सवलतींमुळे मागण्या झपाट्याने वाढल्या. सवलती आटल्यावर किरकोळ मालाच्या मागण्या उतरल्या, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. रस्ता बांधला म्हणजे लगेच वर्दळ सुरू होते असे नाही. तथापि एकाच दारावर अवलंबून न राहता आणखी एक दार उघडे ठेवण्यात दुकानदाराचे नुकसान नाही.

कर आणि कायदा

ऑनलाइन विक्रीला हात घालण्यास लहान दुकानदार कचरतो, त्याचे मोठे कारण वस्तू व सेवा कराची धास्ती हे होय. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण ऑनलाइन कंपनीमार्फत एक रुमाल विकला तरी नोंदणी घ्यावी लागेल, असा पूर्वी नियम होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो शिथिल झाला. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि विक्री स्वतःच्याच राज्यात करावयाची असेल, तर पॅनच्या आधारे कराच्या संकेतस्थळावरून केवळ एक नावनोंदणी क्रमांक घेऊन दुकानदाराला ऑनलाइन कंपनीमार्फत माल विकता येतो. आपसमेळ योजनेखालील व्यापाऱ्यांनाही राज्यांतर्गत विक्रीची अशीच मुभा मिळाली. या सवलतीची माहिती अद्याप पुष्कळांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. राज्याबाहेर माल पाठवावयाचा झाल्यास मात्र, काही अधिसूचित हस्तकला वस्तूंसारखे अपवाद सोडल्यास, नियमित नोंदणी आवश्यक ठरते. मुंबई किंवा पुण्याचे गिऱ्हाईक गाठण्यासाठी कागल किंवा पैठणच्या दुकानदाराला तिची गरज नाही. प्रारंभ राज्यातच करावा, हे त्यामुळे सोयीचे आहे.

नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून कंपनी शेकडा अर्धा रुपया वस्तू व सेवा करापोटी कापून भरते. १० जुलै २०२४ पूर्वी हा दर एक रुपया होता. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर ती खात्यात जमा दिसते. विवरणपत्र न भरणाऱ्याची मात्र ती अडकून पडते. पादत्राणांपुरते सांगावयाचे, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर कराचा दर शेकडा ५ झाला आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनी दुकानदारावरही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही; तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा लागतो. बंद वेष्टनातील मालावर छापावयाची कमाल किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव ही माहिती पडद्यावरही दाखवावी लागते. पापड, लोणची, मसाले विकणाऱ्या बचत गटांनी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी. ‘उमेद’ अभियानाने बचत गटांच्या मालासाठी स्वतंत्र संकेतस्थळ चालविले आहे. तेथून सुरुवात करणे अनेक गटांना सोपे जाईल.

फसवणुकीचे प्रकार येथेही आहेत. आगाऊ पैसे पाठवितो असे सांगून दुकानदाराकडून यूपीआयचा गुप्त क्रमांक टंकून घेणे हा त्यांतला नेहमीचा. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही लागत नाही. तसा प्रकार घडल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता अधिक असते.

गावपातळीवर काय करता येईल

या सर्व व्यवहारात ग्रामपंचायतीचा संबंध काय, असा प्रश्न एखाद्या सदस्याच्या मनात येईल. पहिली गोष्ट कागदपत्रांची. करनोंदणीसाठी व्यवसायाच्या जागेचा पुरावा लागतो आणि गावठाणातील दुकानदारापाशी तो बहुधा नमुना ८ च्या उताऱ्याच्या रूपानेच असतो. जागा वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या नावे, दुकान मुलाचे, अशी स्थिती सर्रास आढळते. फेरफार वेळेवर झाले आणि उतारा बिनचूक मिळाला, तर दुकानदाराचे हेलपाटे वाचतात. दुसरी गोष्ट पत्त्याची. घरांना क्रमांक आणि गल्ल्यांना पाट्या नसलेल्या गावात पार्सल घेऊन आलेला मनुष्य चौकात उभा राहून फोन करीत बसतो. फोन न लागल्यास पार्सल परत जाते आणि त्याचा भुर्दंड कोठल्या तरी दुसऱ्या गावच्या दुकानदाराला बसतो. घरांवर क्रमांक घालण्याचे काम क्षुल्लक वाटले तरी ग्रामसभेत घेण्याजोगे आहे.

माध्यमिक शाळांतील शिक्षकांना यात मोठा वाव आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना वर मांडला तसा नफा-तोट्याचा हिशेब गावातील खऱ्या वस्तूवर करावयास सांगितला, तर गणिताचा तास आणि घरच्या दुकानाचा फायदा असे दोन्ही साधते. कित्येक घरांत भ्रमणध्वनी मुलाला येतो आणि माल वडिलांना कळतो. एकाने वर्णन सांगावे, दुसऱ्याने ते शुद्ध भाषेत लिहून छायाचित्र जोडावे. गावातील टपाल कार्यालयाची पिशवी किती वाजता निघते याची चौकशी मात्र त्याआधी करून ठेवलेली बरी, कारण त्या वेळेनंतर बांधलेले पार्सल दुसऱ्या दिवशीच हलते आणि मधे रविवार आला तर तिसऱ्या.